पांढऱ्या बाहीवरचा भंडारा

हळदीचा डाग काढायचा असेल तर साबण लावून घासत बसू नये. साबण लागला की पिवळा डाग लालभडक होतो आणि नवखा माणूस घाबरतो. मी घाबरत नसे. कपडा नुसत्या पाण्यात खळबळायचा आणि कडक उन्हात दोन दिवस टाकायचा. ऊन हळद खाऊन टाकतं. ही विद्या मला सासऱ्यांनी दिली. आम्ही परटाची माणसं. नवरा फौजेत होता आणि तिथंही तो साहेबांचे कपडेच धूत होता. पण गावात सांगताना आम्ही नुसतं ‘फौजेत आहेत’ एवढंच सांगायचो आणि पुढचं कुणी विचारलं तर चुलीवरचं काही तरी करपायला लागायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. दुष्काळाची दोन वर्षं नुकतीच सरली होती. सांगलीच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात, एका गावाबाहेर कॅथलिक मिशनचं छोटं हॉस्पिटल होतं आणि त्याला लागून नर्सिंगची शाळा. तिथल्या धुलाईघरात मी लागले तेव्हा पंचविशीत होते, सातवी शिकलेली आणि जिभेनं तिखट. चादरी, पडदे, पोरींच्या साड्या, सिस्टरांचे झगे, सगळं माझ्या हातून जायचं. पण माझा खरा जीव होता चर्चमधल्या वेदीच्या कापडांवर. त्यांना खळ किती द्यायची, इस्त्री कुठून सुरू करायची, याचे माझे नियम होते. कापड अंथरलं की मी मागच्या बाकाजवळ उभी राहून बघत असे. उंच छत, रंगीत काचा, धुपाचा वास, आणि मधोमध मी धुतलेलं पांढरंशुभ्र कापड. तो देव माझा नव्हता, पण छाती भरून यायची. इथं खोटं काही होऊच शकत नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटे.

हॉस्पिटलची मेट्रन केरळकडची सिस्टर होती. पन्नाशीची, ठेंगणी, पायात पुरुषी बूट. मराठी ती पेशंटांकडून शिकली होती, त्यामुळे पुस्तकी शब्द तिला एकही येत नसे आणि डॉक्टरांशीसुद्धा ती ‘लय ताप हाय बगा’ असं बोलायची. पेशंट तिला आक्का म्हणत, म्हणून आम्हीही आक्का म्हणायचो. हॉस्पिटलचे फादर मात्र वेगळे. देखणे, गोड गळ्याचे, गोष्टीवेल्हाळ. नर्सिंगच्या शाळेचे सगळे कागद त्यांच्याकडे. कुणाचा अर्ज पुढे जाणार, कुणाला परीक्षेला बसवायचं, ते तेच ठरवायचे.

त्या शाळेत माणदेशाकडची एक मुलगी होती. वीस वर्षांची, धनगराची. तिचे आबा मेंढरं घेऊन दर वर्षी आमच्या बाजूला उतरायचे. उसाच्या मोकळ्या रानात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं बसवायचा तळ, पडायचा. एका वर्षी तिची आई बाळंतपणात अडली तेव्हा आक्कानं तिला जगवलं होतं. पोरगी तेव्हाच म्हणाली, मलाही हेच शिकायचंय. दुष्काळात निम्मी मेंढरं गेली, तरी आबांनी तिला अकरावी होऊ दिली. तिच्या भावकीत पोरींची लग्नं केव्हाच होऊन गेलेली असायची. आबा म्हणायचे, तिची टोपी झाल्याबिगर न्हाई. पहिली परीक्षा पास झाली की शाळेत मुलींच्या डोक्यावर नर्सची पांढरी टोपी ठेवायचा कार्यक्रम असे. त्या टोपीसाठी ती पोरगी जगत होती. मला ‘वैनी’ म्हणायची आणि ‘माझ्या टोपीला खळ जरा जास्त घाला हं’ असं आधीच बजावून ठेवलेलं.

एका मंगळवारी सकाळी मुलींच्या गाठोड्यात तिचा ब्लाउज आला. खांद्याची शिवण उसवलेली, बाही टोकापासून वरपर्यंत फाटलेली. खिळ्याला अडकून कपडा फाटतो तो वेगळा. रोज शंभर कपडे हाताळणाऱ्या बाईला एवढं कळतं. मी सुई घेतली आणि बाही शिवून टाकली. कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी गेलेली होती. डोक्यावर ट्रंक घेऊन एकटी फाटकातून बाहेर पडली, असं वॉचमन म्हणाला. फळ्यावर फादरांच्या अक्षरात चिठ्ठी होती: वर्तन बरोबर नसल्यामुळे नाव कमी केलं आहे. मुली कुजबुजत होत्या. फॉर्मवर सही करायला म्हणून फादरांनी तिला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि अंगावर हात टाकला. ती झटापट करून सुटली आणि सरळ आक्काकडे गेली. आक्कानं काय केलं, ते कुणाला माहीत नव्हतं. तिचं तोंड मात्र त्या दिवसापासून शिवल्यासारखं झालं होतं. माझंही. माझी नोकरी होती, नवरा लांब होता, आणि मी काही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. अशी कारणं मला भराभर सुचत होती. एरवी शेंबड्या वॉचमनलाही चार शब्द सुनावणारी मी, पण पुढचा महिनाभर माझी जीभ टाळ्याला चिकटून बसली होती.

मग नवा वॉर्ड पवित्र करायला बिशप येणार असं ठरलं. त्यांना सगळे मोठे फादर म्हणत. ते येणार म्हणून मी तीन दिवस खपत होते. त्यांचा झगाही इस्त्रीला माझ्याकडे आला. सोनेरी कलाबतूचं ते जड कापड हातात घेण्याआधी मी हात दोनदा धुतले. इतकं सुंदर कापड मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

चर्चमधली प्रार्थना संपली. घंटा वाजली आणि मिरवणूक वॉर्डाकडे निघाली. पुढे मेणबत्त्या, मग सिस्टर, मग आमचे देखणे फादर, आणि शेवटी मोठे फादर. म्हातारे, उंच, डोक्यावर उंच टोपी, हातात चांदीची काठी. काठीचं वरचं टोक मेंढक्याच्या काठीसारखं वळवलेलं. कडेला उभ्या बायाबापड्यांच्या माना आपोआप खाली गेल्या. माझीही गेली.

मान वर केली तेव्हा मिरवणूक थांबलेली होती. वॉर्डाच्या दारासमोर, बरोबर वाटेत, घोंगडी अंथरलेली. घोंगडीवर भंडाऱ्याचा पिवळाधमक ढीग, त्यावर बेलाचं पान. पलीकडे आबा उभे, लाल पटका बांधून. त्यांच्या मागे पोरगी, साध्या पातळात, सरळ मान करून.

आमच्याकडे कुणावर आळ आला तर देवाचा बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची रीत आहे. खोटी शपथ घेऊन भंडारा उचलायची कुणाची छाती होत नाही. आबांना ठाऊक असलेलं कोर्ट तेवढंच. आजच्या पोरी मला विचारतात, तुम्ही पोलिसात का नाही गेलात? चौकी मैलभरावर होती. खरंच, एकाच्याही डोक्यात ते आलं नाही, आणि त्याची मला आता लाज वाटते.

फादर हसत पुढे झाले. म्हणाले, “बाबा, ही अंधश्रद्धा आमच्यात चालत नाही. बाजूला व्हा.”

आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मोठ्या फादरांच्या हातातल्या काठीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. मला वाटतं, असली चूक फक्त एक धनगरच करू जाणे. त्यांना खरोखरच वाटलं की हा म्हातारा मेंढरं राखणाऱ्यातला आहे.

“आवं दादा,” आबा म्हणाले, “तुमच्या हातातली काठी बगितली आन् जीव थाऱ्यावर आला. म्हटलं, मानूस आपल्यातला हाय, ह्येला सांगायला लागायचं न्हाई. तुमी मेंढरं राखलीसा. माज्या लेकीला ह्या मानसानं वंगाळ ठरीवलं. ती म्हंती, वंगाळ त्योच वागला. आता एकच करा. त्येला भंडारा उचलाय सांगा. त्यो उचलतोय का बगू. माजी लेक उचलाया तयार हाय.”

एक तरुण सिस्टर घाईघाईनं मोठ्या फादरांच्या कानात सगळं समजावू लागली. त्यांना मराठी येत होतं. हातानंच त्यांनी तिला थांबवलं. ते काठीकडे बघत राहिले. मला पुढचं आजही स्पष्ट दिसतं, कारण आबांनी अगदी सहज, दोन मेंढके बांधावर बसून बोलतात तसं विचारलं:

“वाड्यात लांडगा शिरला तर तुमी काय करता वं? शेजारच्या वाड्याकडं हाकलता का?”

मेणबत्त्या जळत होत्या. मोठ्या फादरांचा चेहरा, जो इतका वेळ देवासारखा दिसत होता, तो एकदम एका थकलेल्या म्हाताऱ्याचा झाला. आमचे देखणे फादर ओरडून म्हणाले, “ही मुलगी खोटारडी आहे, मेट्रनना विचारा.”

आक्का सिस्टरांच्या रांगेत उभी होती. ती रांगेतून बाहेर आली. पुरुषी बूट काढून तिनं कडेला ठेवले. घोंगडीवर गुडघे टेकले. सगळ्या सिस्टरांच्या तोंडून एकदमच ‘नको’ निघालं, कारण दुसऱ्या देवाचा भंडारा हातात घेणं त्यांच्या धर्मात केवढं मोठं पाप, ते मलाही ठाऊक होतं. तिनं दोन्ही हात भंडाऱ्यात घातले. ओंजळ भरून उचलली. भंडारा तिच्या बोटांतून सांडून पांढऱ्या बाहीवर पडत होता.

“पोरगी खरं बोलती,” ती म्हणाली. “त्याच राती ती माज्याकडं आली. मी तिला म्हटलं, गप ऱ्हा, पिरार्थना कर. मी मोठ्या फादरना लिवलं. त्यांनी मला लिवलं, गप ऱ्हा, पिरार्थना कर. ह्यो मानूस हितं यायच्या आदी दुसरीकडं हुता, तितंबी ह्येच. मी तवा तितं हुते. तवाबी मी गप हुते. मी भंडारा उचललाय. ज्येला खोटं वाटतंय त्येनं माज्यासमोर उचलावा.”

मी आयुष्यात देव पाहिला नाही. पण माणूस किती मोठा होऊ शकतो ते त्या दिवशी पाहिलं, आणि तो साडेचार फुटांचा होता. त्या बाईजवळ घर नव्हतं, पोरंबाळं नव्हती. अंगावरचा झगा आणि तिच्या लोकांत असलेली तिची जागा, एवढंच तिचं होतं, आणि तेच तिनं सगळ्यांच्या देखत घोंगडीवर ठेवलं. मग मी कोण लागून गेले होते?

“ब्लाउज मी शिवला,” मी म्हणाले. कसं म्हणाले मला ठाऊक नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. “ज्या दिवशी हिला काढलं त्याच्या आदल्या दिवशी. फाटलेला होता. ओढून फाडलेला. मी शिवला आन् कुणाला बोलले न्हाई.” आणि मग मला रडूच फुटलं, पुढचं काही सांगता आलं नाही.

फादरांनी भंडाऱ्याकडे बघितलं, मग आक्काकडे, मग जमलेल्या माणसांकडे. ते मागे सरले. एक पाऊल, दोन पावलं, आणि वळून चालायला लागले. उचलला असता तर त्यांचं काय बिघडणार होतं? त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. पण आक्काच्या नजरेला नजर देऊन ते करणं त्यांना जमलं नाही.

मोठ्या फादरांनी उंच टोपी काढली. काठी शेजारच्या सिस्टरच्या हातात दिली. मग ते पोरीसमोर येऊन हात जोडून उभे राहिले. “माझी चूक आहे,” ते म्हणाले. “मला माहीत होतं. माहीत असून मी त्याला इथे पाठवलं. मुली, तुला काय पाहिजे?”

“मला माजी टोपी पायजे,” ती म्हणाली. “मला शिकायचंय. दुसरं तुमच्याकडनं कायबी नको.”

“तू उद्यापासून ये. त्याला मी इथून नेतो.”

“कुठं?” आबांनी विचारलं.

त्यात राग नव्हता. मेंढका विचारेल तसं विचारलं. लांडगा गेला, पण गेला कुठं, ते कळल्याशिवाय झोप कशी लागणार? मोठ्या फादरांनी आमचे फादर गेले त्या वाटेकडे बघितलं. मग म्हणाले, “कुठेच नाही. माझ्याजवळ ठेवीन. त्याला आता कुठलंही चर्च, कुठलीही शाळा मिळणार नाही.”

“लिवून द्या, बाबा,” आक्का घोंगडीवरूनच म्हणाली. “मागल्या टायमालाबी तोंडीच हुतं.”

आणि त्यांनी लिहून दिलं. वॉर्डाच्या पायरीवर बसून, सोनेरी झगा धुळीत लोळत असताना, कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. मुलीचं वर्तन स्वच्छ आहे. तिच्याविरुद्ध लिहिलेलं खोटं आहे. त्या माणसाच्या हाती यापुढे कुणाचीही जबाबदारी देणार नाही. आणि मी हे जाणून होतो. खाली सही. आक्कानं ते सर्वांना वाचून दाखवलं. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद कपाळाला लावला आणि भंडाऱ्याच्या पिशवीत ठेवला. तीन दिवस खपून केलेल्या माझ्या इस्त्रीचं त्या पायरीवर मातेरं झालं होतं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. रविवारी चर्चमध्ये मोठ्या फादरांनी तेच चार शब्द वेदीसमोर उभं राहून सगळ्यांना सांगितले. माझ्या कापडासमोर. मी मागच्या बाकाजवळ उभी होते.

पुढे त्यांनी दिलेला शब्द पाळला की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. पाळला असावा असं मी धरून चालते. एवढं मात्र खरं की लबाडी करणाऱ्याला हलवायला चर्चच्या लोकांना वर्षं लागली होती आणि खरं बोललेल्या बाईला हलवायला दोन महिने पुरले. भंडारा उचलला म्हणून आक्काला दूर कुठं तरी बंगालकडे पाठवलं, मेट्रन म्हणून नव्हे, साधी सिस्टर म्हणून.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. आक्काचा त्या दिवसाचा झगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. उजवी बाही तर कोपरापर्यंत पिवळी. मला वाटलं, आता या बाईसाठी आपल्याला काही करता येईल तर ते हेच. पाण्यात खळबळला, दोन दिवस रणरणत्या उन्हात टाकला, चार वेळा उलटापालटा केला. डागाचा मागमूस राहिला नाही. खळ दिली, इस्त्री केली आणि शाबासकी घ्यायला स्वतः नेऊन दिला.

आक्कानं बाही हातात घेतली. उजेडाकडे धरली. बोटानं चाचपून बघत राहिली.

“गेला व्हय गं?” ती म्हणाली. मग माझं तोंड बघून हसली. “तुजा हात लय चांगला हाय.”

धुलाईघराकडे परत येता येता मला कळलं, मी काय केलं ते. महिनाभर आधी मी एक बाही अशी शिवली होती की काही घडलंच नाही असं वाटावं. आता दुसरी बाही तशीच धुतली होती.

पुढच्या वर्षी पोरीची टोपी झाली. मी खळ जास्त घातली होती, टोपी अगदी ताठ उभी राहिली. नव्या मेट्रननं ती तिच्या डोक्यावर ठेवली, मुलींनी मेणबत्त्या धरल्या, आणि एवढ्यात मागून आबा पुढे आले. पिशवीत हात घातला. नवी मेट्रन घाईनं म्हणाली, “अहो, युनिफॉर्म खराब होईल.” पोरीनं वाकून कपाळ पुढे केलं. आबांनी मूठभर भंडारा काढला. थोडा भंडारा कपाळाला लागला, बाकीचा टोपीच्या काठावर आणि खांद्यावर सांडला.

आठवड्याच्या गाठोड्यात ती टोपी माझ्याकडे आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पडदे, चादरी, साड्या सगळं दोरीवर फडफडत होतं. मी टोपी नुसत्या पाण्यातून काढली, आत नेली आणि खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातली.